उणे दोनशे एकतिसावा दिवस

वहीत उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या होत्या आणि उत्तर होतं: द = −२३१.१. 'द' म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १ जानेवारी हा पहिला, ३१ डिसेंबर हा तीनशे पासष्टावा. त्या हिशोबाने पुण्यात शून्य सावलीचा दिवस वर्षाच्या उणे दोनशे एकतिसाव्या दिवशी येत होता.

मुलगा बारावी सायन्सचा, माझ्याकडे शिकवणीला येणारा, हाताने स्वच्छ आणि डोक्याने घाईचा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने विषय निवडला होता 'आपल्या गावाचा शून्य सावली दिवस गणिताने काढणे'. विषय छान. आकडेमोड तीनदा तपासलेली, तिन्ही वेळा तेच उत्तर. वही पुढे सरकवत म्हणाला, "सर, फॉर्म्युलाच चुकीचा आहे वाटतं."

फॉर्म्युला ठीक होता. आकडेमोडही ठीक होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण पोरांच्या वह्यांत ज्या चुका लाल पेनाने सहज पकडता येतात त्यांतली ही नाही.

आधी प्रश्न काय होता ते. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेतेवीस अंशांपर्यंत आणि दक्षिणेला तेवढाच सरकतो. त्याच्या या सरकण्याला क्रांती म्हणतात. ज्या दिवशी सूर्याची क्रांती तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी होते, त्या दिवशी भर मध्यान्ही तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. पुण्याचे अक्षांश १८.५२ उत्तर. क्रांतीसाठी सौरऊर्जेच्या पुस्तकांत एक सोपं, अंदाजी सूत्र सर्रास वापरतात, तेच याने घेतलं होतं:

क्रांती = २३.४५ × साइन थीटा
थीटा = (३६० ÷ ३६५) × (२८४ + द)

क्रांतीच्या जागी १८.५२ घातलं की साइन थीटा = १८.५२ ÷ २३.४५ = ०.७८९८. कॅल्क्युलेटरवर साइन इन्व्हर्स (साइनच्या किमतीवरून कोन देणारं बटण) दाबलं, ५२.१६ अंश आले. त्याला ३६५ ने गुणून ३६० ने भागलं, ५२.८९. त्यातून २८४ वजा केले, −२३१.११. दोन रेघा.

मी त्याला विचारलं, "साइन ०.७९ होतो असे कोन किती?"

"एक. बावन्न पूर्णांक सोळा."

"नक्की?"

मग तो थबकला. कारण याच पोराने आठवड्यापूर्वी 'साइन थीटा = १/२' ची जनरल सोल्युशन, म्हणजे शक्य ती सगळी उत्तरं, फळ्यावर धडाधड लिहिली होती. 'एन पाय प्लस मायनस वन रेज टू एन अल्फा' हे सूत्र वर्गातली सगळी मुलं पाढ्यासारखं म्हणतात. पण ते सूत्र त्याच्या लेखी 'जनरल सोल्युशन काढा' असं प्रश्नात छापलेलं असेल तेव्हाच लागू होणारं. इथे प्रश्नात तसं काही छापलेलं नव्हतं. इथे एक दिवस हवा होता, बटण होतं, बटणाने एक आकडा दिला.

यात पोराची चूक मी कमी धरतो. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे आमची सगळी गणितं ३०, ४५, ६० अंशांच्या अंगणात खेळतात. तिथे इन्व्हर्सचं बटण दाबायची वेळच येत नाही, आणि ते बटण कुठे थांबतं हे सांगायची वेळही येत नाही. साइन इन्व्हर्स फक्त −९० ते ९० या पट्ट्यातलाच कोन देतं. त्याला एका किमतीला एकच उत्तर द्यायचं बंधन आहे, म्हणून तसा पट्टा ठरवून घेतलेला आहे. दुसरीकडे बोर्डाच्या पुस्तकात 'प्रिन्सिपल सोल्युशन' म्हणजे ० ते ३६० मधली सगळी उत्तरं, आणि ती बहुतेक वेळा दोन असतात. बटणवाली 'प्रिन्सिपल व्हॅल्यू' वेगळी, पुस्तकातलं 'प्रिन्सिपल सोल्युशन' वेगळं. नावं सख्ख्या भावांसारखी, वागणं चुलत भावांसारखं. आम्ही शिक्षक हा फरक एका वाक्यात सांगून पुढे जातो.

मी आलेखाचा कागद काढला. साइनचा वक्र शून्यापासून ७२० पर्यंत, म्हणजे पूर्ण दोन लाटा, त्याच्याकडूनच काढून घेतल्या. मग ०.७९ च्या उंचीवर पट्टीने आडवी रेघ मारायला सांगितली. रेघ पहिल्या लाटेला चढताना ५२ च्या आसपास कापते, उतरताना १२८ च्या आसपास. दुसऱ्या लाटेला ४१२ ला आणि ४८८ ला. पट्टी उचलायच्या आतच तो म्हणाला, "अरे, चार आहेत!" चार नाहीत, कागद संपला म्हणून चार. पण मुद्दा पोचला. चढती बाजू ५२.१६ अधिक ३६० ची कितीही पट, उतरती बाजू १२७.८४ अधिक ३६० ची कितीही पट. पाढ्यातल्या 'मायनस वन रेज टू एन' चं काम एवढंच की ही दोन कुटुंबं एका ओळीत कोंबायची: एन सम असेल तर चढती बाजू, विषम असेल तर उतरती. ओळ वाचते, चित्र हरवतं. शिकवताना मी आता आधी दोन कुटुंबं वेगवेगळ्या ओळींत लिहितो आणि एका ओळीचं सूत्र शेवटी, घाईत असलेल्यांसाठी.

यापुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. अनंत उत्तरांतली आपली कोणती? बहुतेक मुलं (आणि काही शिक्षक) म्हणतील, ० ते ३६० मधली. पुस्तकात तसंच असतं. पण इथे अट कोनावर नाही, दिवसावर आहे: द हा १ ते ३६५ मधला हवा. ती अट कोनात उलटवून पाहिली. द = १ असेल तर थीटा २८१.१ अंश. द = ३६५ असेल तर ६४०.१ अंश. म्हणजे या गणितात आपली खिडकी २८१ ते ६४० अशी आहे. ५२.१६ त्या खिडकीत नाही आणि १२७.८४ सुद्धा नाही! पुस्तकातली दोन्ही 'प्रिन्सिपल' उत्तरं इथे बाद. खिडकीत बसतात ती ३६० ची भर घातलेली, ४१२.१६ आणि ४८७.८४. त्यांवरून:

४१२.१६ अंश → २८४ + द = ४१७.८९ → द = १३३.९
४८७.८४ अंश → २८४ + द = ४९४.६१ → द = २१०.६

एकशे चौतिसावा दिवस १४ मे. दोनशे अकरावा दिवस ३० जुलै. पुण्यात शून्य सावली खरोखरच १३-१४ मेच्या आणि २९-३० जुलैच्या सुमाराला होते.

त्या उणे आकड्याचं मूळ मात्र २८४ मध्ये आहे, आणि ते कळल्यावर आम्ही दोघंही हसलो. २८४ म्हणजे ३६५ वजा ८१. एक्क्याऐंशीवा दिवस २२ मार्च, सूर्य विषुववृत्तावर असतो त्याच्या आसपासचा. सूत्रात खरं तर 'द − ८१' असायला हवं. कुणीतरी त्यात ३६५ मिळवून ठेवले आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांनाही कोन उणे यायचा थांबला. पुढच्या दिशेने, म्हणजे दिवसावरून क्रांती काढताना, ही सोय. उलट्या दिशेने, क्रांतीवरून दिवस काढताना, तीच गैरसोय. 'द − ८१' लिहिलं असतं तर पोराला पहिल्याच फटक्यात १३३.९ मिळाले असते, त्याने दोन रेघा मारून प्रोजेक्ट जमा केला असता, आणि ३० जुलै कुणालाच आठवली नसती. उणे दोनशे एकतीस हे उत्तर वेडगळ होतं म्हणून तो माझ्याकडे आला. पटण्यासारखं पण अर्धवट उत्तर आलं असतं तर आला नसता.

मे महिन्यातल्या शून्य सावलीचा गाजावाजा होतो. शाळांच्या पटांगणात पाइप उभे करतात, वर्तमानपत्रांत तारखा येतात, मुलं उन्हात उभी राहून फोटो काढतात. जुलैमधला दिवस त्याच समीकरणाचा तेवढाच हक्काचा वारस आहे. फक्त तो ऐन पावसाळ्यात येतो, आणि पुण्यात जुलैच्या शेवटी दुपारी साडेबाराला सूर्य दिसणं म्हणजे नशीबच. लाटेच्या उतरत्या बाजूचं उत्तर गणितात इन्व्हर्सचं बटण लपवतं, आकाशात ढग.

त्याच शिकवणीतली एक मुलगी कोपऱ्यात बसून हेच गणित स्वतः करत होती. तिचं उत्तर आलं २३ मार्च. चुकीचं, पण कसं चुकलं हे पाहण्यासारखं. तिचा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर होता. साइन इन्व्हर्स ०.७८९८ म्हणजे ०.९१ रेडियन. तिने तो आकडा ०.९१ अंश म्हणून वापरला. पुढे ३६५ मिळवण्यात काही चुकलं नाही, त्यामुळे शेवटी सभ्य, खरी वाटणारी तारीख आली. उत्तर उणे नाही, वर्षाबाहेर नाही. पकडायचं कसं? मी म्हटलं, "गेल्या मार्चमध्ये दुपारी उन्हात उभी होतीस ना? सावली नव्हती?" मीटरभर पाइपची २३ मार्चला पुण्यात मध्यान्ही फूटभर सावली पडते.

पंचांगात 'पलभा' नावाचा आकडा असतो, तो म्हणजे नेमकी हीच सावली. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळं उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली किती अंगुळं, ते. पुण्याची पलभा जवळपास ४. बारा गुणिले टॅन १८.५२ करून बघा. पूर्वी गावाचे अक्षांश असेच, शंकू आणि सावली यांच्यावरून काढत. ज्याला आपण आज साइन म्हणतो ती 'ज्या' त्याच हिशोबांतून आपल्याकडे रुळली. मुलीला पलभेची गोष्ट आवडली, रेडियनचा राग मात्र गेला नाही. तिने कॅल्क्युलेटरच्या पाठीवर मार्करने मोठं 'डी' (डिग्रीचा) लिहून टाकलं.

मग तिनेच एक खरी चांगली गोष्ट केली. तिच्या पाठ्यपुस्तकात हेच सूत्र कोसाइनमध्ये दिलेलं होतं:

क्रांती = −२३.४५ × कॉस [(३६० ÷ ३६५) × (द + १०)]

इथे मोजणी २१ डिसेंबरच्या आसपास, सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना सुरू होते. कॉस = −०.७८९८, कोन १४२.१६. आणि कॉसचं जनरल सोल्युशन म्हणजे 'टू एन पाय प्लस ऑर मायनस अल्फा'. ते प्लस-मायनस डोळ्यांसमोरच असतं, लपत नाही. अधिक घेतलं तर द = १३४.१. उणे घेऊन ३६५ मिळवले तर द = २१०.९. दोन उत्तरं, न विसरता, आधीच्यांशी पाव दिवसाच्या फरकाने जुळणारी. गणित तेच, फक्त सुरुवात लाटेच्या तळापासून केली. तळापासून पाहिलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि एक बाजू सांगून दुसरी विसरणं अवघड होतं. माझं आता असं मत झालं आहे की सगळी उत्तरं शोधायला शिकवताना आधी कॉस घ्यावा, साइन नंतर. पुस्तकं उलट क्रमाने जातात.

या सारखेपणातून तपासणीही मिळते. दोन दिवसांचा मध्य काढा: १३३.९ आणि २१०.६ यांचा मध्य १७२.२५. एकशे बाहत्तरावा दिवस २१ जून, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. सूर्य वर चढताना पुण्यावरून जातो, २१ जूनला कर्कवृत्ताला टेकतो आणि परतताना पुन्हा पुण्यावरून जातो. दोन उत्तरांचा मध्य २१ जूनच्या आसपास आला नाही तर कुठेतरी घोळ आहे, एवढं पाहिलं तरी पुरे.

नंतर मुलांनी मिळेल त्या गावाचे अक्षांश घालायला सुरुवात केली. पणजी: ३ मे आणि ९-१० ऑगस्ट. मुंबई: १६ मे, २७ जुलै. नागपूर: २६ मे, १७ जुलै. जसजसं उत्तरेला जावं तसतशा दोन तारखा २१ जूनकडे सरकत एकमेकींच्या जवळ येतात. आलेखावर आडवी रेघ वर वर उचलत नेली की दोन छेद जसे शेंड्याकडे जवळ येतात, तसंच. कर्कवृत्तावर रेघ शेंड्याला नुसती टेकते, उत्तर एकच. दिल्लीसाठी २८.६ घातलं तर भागाकार १.२२, आणि कॅल्क्युलेटरवर 'मॅथ एरर'. दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. उत्तर नाही हेसुद्धा 'सगळी उत्तरं' या शब्दांत बसतं, हे मला त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

सूत्र अंदाजी आहे हेही त्यांनीच शोधलं. विषुववृत्तासाठी शून्य घातलं तर तारखा येतात २२ मार्च आणि २०-२१ सप्टेंबर, मधे एकशे साडेब्याऐंशी दिवस. प्रत्यक्षात हा काळ सुमारे १८६ दिवसांचा असतो, कारण पृथ्वी जुलैच्या सुमाराला सूर्यापासून लांब असते आणि सावकाश चालते. सूत्र मात्र वर्षभर एकाच वेगाने चालतं. काठीच्या सावलीच्या कामाला एक-दोन दिवसांची ही चूक चालते. मेच्या मध्यात क्रांती दिवसाला पाव अंशाने बदलते, म्हणजे मीटरभर पाइपच्या सावलीत जेमतेम साडेचार मिलिमीटरचा फरक. डोळ्यांनी तो दिसतो-न-दिसतो.

इन्व्हर्सचं बटण हा उत्तरं गमावायचा एकच मार्ग नव्हे, म्हणून दोन ओळी बाकीच्यांवर. साइन २थीटा = कॉस थीटा यात दोन्ही बाजूंना कॉस थीटाने भागलं की ३० आणि १५० उरतात; ९० आणि २७० हातचे जातात, कारण तिथे कॉस शून्य असतो आणि आपण शून्याने भागलेलं असतं. भागायचं नाही, सगळं एका बाजूला घेऊन सामाईक काढायचं. साइन + कॉस = १ यात वर्ग केला की उलटा प्रकार: ०, ९०, १८०, २७० अशी चार उत्तरं येतात, त्यांतली शेवटची दोन आगंतुक, कारण तिथे बेरीज −१ होते. या दोन्ही चुका कागदावर कुठे झाल्या ते बोट ठेवून दाखवता येतं. इन्व्हर्सच्या चुकीत बोट ठेवायला जागाच नसते. प्रत्येक ओळ बरोबर असते.

प्रोजेक्ट पूर्ण झाला तो जून होता, त्यामुळे मे हातचा गेलेला. पोराने ठरवलं, ३० जुलैला गच्चीवर पाइप लावायचाच. पुण्याचे रेखांश ७३.८६, प्रमाणवेळ ८२.५ ची. फरकाची सुमारे ३५ मिनिटं आणि त्या दिवसांत सूर्याचं घड्याळ मागे असतं ती सहा-साडेसहा मिनिटं, म्हणजे मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांनी. त्याने मामालाही कामाला लावलं. मामा सोलापूरचा, तिथले अक्षांश १७.६६, दुसरी तारीख २ ऑगस्ट, मध्यान्ह १२:३३. सोलापूर पर्जन्यछायेत, तिथे ऊन मिळण्याची आशा जास्त.

प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर निरीक्षणांचा तक्ता आहे. पुण्याच्या ओळीत निळ्या पेनाने लिहिलंय: '३० जुलै, दुपारी १२:४१, ढगाळ. पाइपची सावली शून्य. गच्चीच्या कठड्याची, बादलीची आणि माझीपण शून्य.' त्याखालच्या ओळीत सोलापूरहून आलेला फोटो चिकटवला आहे. तुकड्या-तुकड्यांच्या ढगांतून आलेलं ऊन, गच्चीची फरशी, फरशीवर उभा पांढरा पाइप, आणि त्याच्या बुडाशी एक बारीक करडी कड. शेजारी 'थीटा = ४९१.१४ अंश' असं लिहून त्याने चौकट केली आहे.